पाटी नसलेले पाळणाघर

हार्बर मार्गावरील ज्या स्थानकाला आज गुरू तेग बहादूर नगर म्हणतात, त्याचे पूर्वीचे नाव कोळीवाडा. जुनी माणसे अजूनही तेच नाव घेतात. मूळचे कोळी, फाळणीनंतर येथे वसविले गेलेले पंजाबी आणि शीख निर्वासित, शीव रुग्णालयातील कर्मचारी, ॲन्टॉप हिलच्या सरकारी वसाहतीतील नोकरदार आणि गांधी मार्केटच्या कापडव्यापारामुळे आसपास स्थिरावलेली आपली काही कुटुंबे, असा या शीव कोळीवाड्याचा संसार आहे. निर्वासितांसाठी बांधलेल्या पंचवीस इमारती अलीकडच्या काळात धोकादायक ठरल्या, रिकाम्या झाल्या, पाडल्या गेल्या. जवळच झोपडपट्टी पुनर्वसनाचे उंच मनोरे उभे राहिले. त्यांपैकी एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर रोज सकाळी साडेसातपासून एका दारासमोर लहान लहान चपलांची रांग लागू लागते.

त्या दारावर पाटी नाही. गेली एकोणीस वर्षे तेथे पाळणाघर चालते. ते चालविणाऱ्या बाईंना सारी इमारत ‘काकू’ म्हणते. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, यजमान रुग्णालयात कामाला होते, आता निवृत्त. दोनशे पंचवीस चौरस फुटांचे घर, त्यातच स्वयंपाकाचा ओटा आणि न्हाणीघर. मुलगा कामावर जातो, सून घरीच शिवणकाम करते आणि मुलांना सांभाळण्यात सासूला हातभार लावते. मुले नऊ. दोघांच्या आया रुग्णालयात साफसफाईचे काम करतात, एकीची आई पोलिसात आहे, एकाची बँकेत. नववा, तीन वर्षांचा मुलगा, एका जैन कुटुंबातला. त्याच्या आजोबांचे गांधी मार्केटमध्ये कापडाचे दुकान, आई फोर्टमधील एका लेखापरीक्षण संस्थेत नोकरीला.

ज्या कोळीवाड्याचे नाव देशभरच्या उपाहारगृहांच्या यादीत वेगळ्याच पदार्थामुळे झळकते, तेथील एका मांसाहारी घरात आपला नातू दिवसभर ठेवायचा, हे त्या मुलाच्या आजींना सहजासहजी पटले नव्हते. पहिले दोन महिने त्या वेळी-अवेळी जाऊन पाहून येत. त्यांना जे दिसले ते असे: मुले घरी जाईपर्यंत या घरात गॅसवर मासळी चढत नाही. जैन मुलाचा डबा आणि उकाळलेल्या पाण्याची बाटली वेगळ्या फळीवर असते, आणि त्या फळीला इतर मुलांचा हात पोहोचत नाही. बटाट्याची भाजी वाटली जात असताना त्याने हात पुढे केला तर काकू त्याला रागावत नाहीत, त्याच्या हातात शेंगदाण्याचा लाडू देतात. नोव्हेंबरअखेर मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि मुलाची आई घरी पोहोचते साडेसातला. म्हणून काकूंनी भिंतीवरील दिनदर्शिकेत सूर्यास्ताची वेळ पाहण्याची सवय लावून घेतली. पावणेसहाला त्याची मुगाची खिचडी गरम होते. चौविहार हा शब्द काकूंना उच्चारता येत नाही. ‘त्याचं सूर्याचं जेवण’ असे त्या म्हणतात.

कोणत्याही शासकीय मानकात ही फळी बसणार नाही. तिच्यासाठी रकाना असावा, अशी अपेक्षाही नाही. परंतु रकान्यांचा विचार करताना ही फळी ध्यानात ठेवावी लागते.

नोव्हेंबर 2016 मध्ये खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईने केलेली मारहाण कॅमेऱ्यात टिपली गेली. ती दृश्ये घराघरांत पाहिली गेली आणि नोकरी करणाऱ्या आयांच्या काळजाचे पाणी झाले. खाजगी पाळणाघरांची नोंदणी सक्तीची करणारा स्वतंत्र कायदा राज्यात नाही, ही गोष्ट तेव्हा पुष्कळांना प्रथमच कळली. नियमावली करण्याच्या घोषणा झाल्या, आणि दारोदारच्या काकू-मावश्यांकडे पालक संशयाने पाहू लागले. तो संशय अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. ज्या जिवाला बोलता येत नाही त्याला परक्याच्या हाती सोपवायचे, तर त्या परक्यावर कोणाची तरी नजर असलीच पाहिजे. मात्र एक गोष्ट चर्चेत निसटली. खारघरच्या त्या पाळणाघरात कॅमेरा होताच. त्याने पुरावा दिला, मार चुकविला नाही.

ती आठवण त्या जैन घरातही शिल्लक होती. एके दिवशी आजींनी विषय काढला.

“काकू, तुमच्यावर अविश्वास नाही हो. पण सरकारी नोंदणी, कॅमेरा असं काही असलं म्हणजे मनाला बरं वाटतं.”

“आजी, नोंदणी कुठे करायची तेवढं सांगा, उद्या जाऊन करते,” काकू म्हणाल्या. “कॅमेऱ्याचं मात्र कठीण आहे. याच खोलीत माझी सून कपडे बदलते, याच खोलीत आम्ही सगळे रात्री झोपतो. राहत्या घराला डोळा कसा लावू?”

आजींकडे यावर उत्तर नव्हते. कॅमेऱ्याची सक्ती सुचविणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी या प्रश्नाचा विचार केलेला असतो. शाळेची खोली संध्याकाळी रिकामी होते, घर होत नाही.

नोंदणीसाठी काकूंच्या मुलाने खरोखरच चार दिवस रजा काढली. एका कार्यालयाने विचारले, कर्मचारी किती? दुसऱ्याने बालवाडीची कागदपत्रे मागितली. तिसरीकडे कळले की ही योजना स्वयंसेवी संस्थांसाठी आहे, घरासाठी नाही. गृहनिर्माण संस्थेकडे ना-हरकत पत्र मागितले तेव्हा सचिव म्हणाले, आधी शासनाचा कागद आणा. शासनाचा कागद मागावा, तर आधी संस्थेचे ना-हरकत पत्र हवे. दुकानाचा परवाना, वजनमापांची तपासणी, करांची विवरणपत्रे यांतून आयुष्य गेलेल्या व्यापारी वाचकांना हे वर्तुळ समजावून सांगण्याची गरज नाही. गंमत अशी की स्वतःच्या दुकानात येणाऱ्या निरीक्षकाला जे ‘जाच’ म्हणतात, तेच गृहस्थ नातवाच्या पाळणाघरासाठी निरीक्षक हवा म्हणून आग्रह धरतात. दोन्ही भावना प्रामाणिक असतात.

कायद्याने पाळणाघराचा विचार केलाच नाही असे नव्हे. उलट मुंबईने तो देशात फार लवकर केला. गिरणगावातील स्त्रियांचे हाल पाहून 1929 साली मुंबई प्रांतात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. त्या विधेयकाला 1928 साली विधिमंडळात पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेला मुद्दा आजही तितकाच ताजा आहे: आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार शासनाने उचलला पाहिजे. कायदा झाला, पण भार मालकांवर राहिला. 1920च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. पुढील दशकांत हे प्रमाण उतरतच गेले. इतिहासकार त्याची कारणे अनेक सांगतात. नवी यंत्रे आली, रात्रपाळीत स्त्रियांना मज्जाव झाला, आणि जिच्यासाठी कायदा केला तीच मालकाला महाग वाटू लागली, हेही त्यांपैकी एक. 1948च्या कारखाने अधिनियमाने गिरण्यांना पाळणाघर ठेवणे भाग पाडले. पुढे त्याची अट तीसहून अधिक स्त्री-कामगारांची होती. लालबाग-परळच्या गिरण्याच बंद झाल्यावर त्यांची पाळणाघरे तरी कोठून राहणार?

पुढचे टप्पे अलीकडचे. 2013च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाने तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती असावी, असे प्रमाण घातले. तीस मुलांसाठी किमान पस्तीस चौरस मीटरची खोली आणि बाहेर तीस चौरस मीटरचे मैदान असावे, असेही सांगितले. 2017च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. या सर्व नियमांत कारखाना आहे, कंपनी आहे, बालवाडी आहे, शासनाची योजना आहे. पाळणा टांगलेले घर मात्र कोठेच नाही. आणि एखादी दुर्घटना घडली की कारखान्यासाठी, शाळेसाठी शिवलेला अंगरखा त्या घराच्या अंगावर घालून पाहिला जातो.

तो कसा बसतो, याचा हिशेब करता येतो. काकूंचे सारे घर मिळून सुमारे एकवीस चौरस मीटर. पस्तीस मीटरच्या खोलीची अट शब्दशः लावली तर ते पहिल्याच ओळीत नापास. परंतु तीच अट मुलांच्या संख्येत वाटली तर एका मुलामागे साडेबारा चौरस फूट येतात, म्हणजे नऊ मुलांना एकशे तेरा फूट पुरतात, आणि तेवढी मोकळी जागा या घरात दिवसा निघते. माणसांच्या प्रमाणात तर हे घर मानकाच्या पुढे आहे: नऊ मुलांमागे दोन बायका. मैदान नाही, हे खरे. या भागात ते श्रीमंतांच्या मुलांनाही नाही.

आता जमाखर्च. पाच मुलांचे प्रत्येकी साडेतीन हजार, दोघांचे तीन हजार, आणि रुग्णालयात झाडलोट करणाऱ्या दोघी आयांचे दोन-दोन हजार, कारण त्याहून अधिक त्यांना झेपत नाही. महिन्याची जमा साडेसत्तावीस हजार. त्यातून दूध, गॅस, वीज, साबण, मोडलेली खेळणी, एखाद्याला ताप आला तर रिक्षा. उरते ते दोघींच्या दहा तासांच्या श्रमाचे मोल. भाड्याची स्वतंत्र खोली घेतली तर निम्म्याहून अधिक जमा तेथेच संपेल. खोली राहू द्या. एक प्रशिक्षित सेविका ठेवावी एवढीच अट घातली आणि तिला बारा हजार द्यायचे ठरविले, तरी दर मुलामागे शुल्क जवळजवळ चार हजार चारशे होते. बँकेतील आई ते देईल, जैन घर ते देईल. दोन हजार देणारी देऊ शकणार नाही. नियम मुलाच्या सुरक्षिततेसाठी असतो, पण त्याची किंमत वाढली की सर्वांत आधी सर्वांत गरीब मूल त्या दारातून बाहेर पडते. ते नंतर कोणाकडे राहते, हे नियमाला दिसत नाही.

ही केवळ शीव कोळीवाड्याची कथा नाही. अमेरिकेतील हॉट्झ आणि शियाओ या अर्थशास्त्रज्ञांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच आढळले. कडक नियमांनी सधन वस्त्यांतील पाळणाघरांचा दर्जा सुधारला, तर अल्प उत्पन्नाच्या वस्त्यांतील पाळणाघरांची संख्या घटली. इंग्लंडमध्ये घरी मुले सांभाळणाऱ्या बायकांची नोंदणी व तपासणी काटेकोर आहे, आणि तेथे 2012 नंतरच्या दहा वर्षांत त्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. कागदकाम हे त्याचे एकमेव कारण नव्हे, तुटपुंजी मिळकतही आहे. फ्रान्सने वाट थोडी वेगळी धरली. 1977च्या कायद्याने तेथे घरी मुले सांभाळणाऱ्या बाईला व्यवसायाचा दर्जा मिळाला. शासन तिचे घर पाहून मान्यता देते, मुलांच्या संख्येला मर्यादा घालते, तिला शिकविते, आणि आईबापांना तिच्या वेतनासाठी साहाय्यही करते. घराबाहेर वाढणाऱ्या तान्ह्या मुलांपैकी तेथे सर्वाधिक मुले अशाच बायकांकडे असतात. नियम आणि आधार एकाच हाताने दिले, एवढाच त्यातला फरक. आंबेडकरांनी मागितले होते ते याहून फारसे वेगळे नव्हते.

महाराष्ट्रालाही हा विचार परका नाही. दुकानांच्या बाबतीत राज्याने तो केलेला आहे, आणि त्याचा लाभ घेणाऱ्यांत या मासिकाचे असंख्य वाचक आहेत. 2017च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दहाहून कमी कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीच्या व नूतनीकरणाच्या फेऱ्यांतून सोडविले. त्यांनी धंदा सुरू केल्याची सूचना द्यावी, एवढेच पुरे. लहान दुकान आणि मोठी पेढी यांना एकच माप लावू नये, हे तत्त्व शासनाला तेथे उमगले. मग दहा मुलांपर्यंतच्या घराला तेच माप का नसावे? काकूंनी नाव, पत्ता, मुलांची संख्या कळवावी. वर्षातून दोनदा, न सांगता, एखादी जाणकार स्त्री येऊन घर पाहून जावी. प्रथमोपचाराचे चार दिवसांचे शिक्षण फुकट मिळावे. गॅसचा सिलिंडर कोठे आहे, खिडकीला गज आहेत का, बाळाला कोण उचलते, हे पाहणाऱ्याला तासाभरात कळते. त्याला पस्तीस चौरस मीटर लागत नाहीत.

याच अधिनियमात पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी पाळणाघराची अट आहे, आणि काही आस्थापनांनी एकत्र येऊन एक किलोमीटरच्या परिघात सामायिक पाळणाघर चालवावे, अशी मुभाही आहे. बाजारपेठेतील आठ-दहा माणसांच्या दुकानाला हे कलम लागू होत नाही, म्हणून ते कोणी वाचलेले नसते. पण त्या दुकानांतही घड्या घालणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या मुली आता असतात, आणि त्यांची लग्ने होतात.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार प्रवचनातून सर्वांच्या कानावर पडलेले असतात: जिवाला बांधून ठेवणे, त्याला मारणे, त्याच्या अवयवाला इजा करणे, त्याच्यावर शक्तीबाहेर भार लादणे, त्याचे अन्नपाणी रोखणे. बहुधा ते बैलाच्या, गाडीच्या संदर्भात सांगितले जातात. पाळणाघराच्या खोलीत उभे राहून ते आठवावेत. बेफिकीर पाळणाघरात मुलाच्या बाबतीत ज्या ज्या गोष्टींची भीती असते, त्यांतील बहुतेक त्यात आहेत. मूल पलंगाला बांधलेले असते, मार खाते, भुकेले राहते. आणि चौथा अतिचार, शक्तीबाहेरचा भार, दोन्ही बाजूंना लागतो: एका बाईवर पंधरा मुलांचा भार घालणाऱ्याला जसा, तसा तिच्या दोन खणांच्या संसारावर कारखान्याचे नियम लादणाऱ्यालाही. व्रताची रीतही पाहण्यासारखी आहे. मुनीचे महाव्रत आणि गृहस्थाचे अणुव्रत यांत आशय एकच असतो, मात्रा वेगळी असते. गृहस्थाला महाव्रताचे माप लावून कोणी त्याला अव्रती ठरवीत नाही.

शासनाकडून काही ठरण्यापूर्वी गृहनिर्माण संस्थेनेच ठरविले. गेल्या वार्षिक सभेत तळमजल्यावरील एका सभासदाने आवाजाची तक्रार केली, दुसऱ्याने उद्वाहनाच्या खर्चाची, तिसऱ्याने सुरक्षिततेची. नियम कोठेच लिहिलेला नसल्यामुळे सभेने तो तेथल्या तेथे केला: सहा मुलांहून अधिक नकोत. काकूंनी वाद घातला नाही. तीन घरांना नकार कळविणे त्यांच्यावर आले. चार रात्री सासू-सुनेचे बोलणे चालले. सहा मुलांत घर चालायचे तर पूर्ण शुल्क देणारी ठेवावी लागत होती. एक मूल जूनपासून शाळेत जाणारच होते. उरलेली दोन म्हणजे रुग्णालयातील दोघींची.

एकीने आपली मुलगी गावी सासूकडे पाठविली. ती आता महिन्यातून एकदा तिला पाहायला जाते. दुसरीने दोन वर्षांचा मुलगा त्याच्या पाचवीतल्या बहिणीवर सोपविला. बहिणीची शाळा दुपारची. बारापर्यंत ती भावाला सांभाळते, भात भरविते, नंतर काय करायचे याचे उत्तर पहिल्या आठवड्यात त्या घराकडे नव्हते.

हे जैन घराच्या आजींना काकूंनी सांगितले नाही. नातवाला आणायला गेल्या तेव्हा चपलांची रांग आखूड दिसली म्हणून त्यांनीच विचारले. ऐकून घेतले आणि काही न बोलता जिना उतरल्या. रात्री त्यांनी घरात विषय काढला. पर्युषणानंतर महिला मंडळाच्या बैठकीत सामायिक पाळणाघराच्या त्या कलमावर बोलणे झाले. बाजारातील चार दुकानदारांनी खोलीचा आणि खर्चाचा अंदाज मागविला आहे. काकूंच्या सुनेने तो वहीच्या एका पानावर लिहून दिला, त्यात कॅमेऱ्याचीही रक्कम धरली आहे, कारण ती खोली कोणाचे राहते घर नसेल. जागा अजून ठरलेली नाही.

मधल्या काळात रोज दुपारी सव्वाबाराला गणवेशातील एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढते, त्याला दारात उतरविते आणि धावत शाळेला जाते. संस्थेच्या नोंदीप्रमाणे त्या घरात सहा मुले आहेत. दुपारी ती सात होतात. सचिवांना ते ठाऊक आहे. त्या वेळेला ते जिन्यावर येत नाहीत.